शेवटच्या रिळाची शांतता

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बारा व्हायोलिनवाले सूर जुळवून तयार बसले होते. टेप होती, टेपचा लाल डबा होता, डब्यावर ठसठशीत अक्षरांत लेबल होतं. फक्त गाणं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर टेप फिरत होती आणि त्यातून काहीही बाहेर येत नव्हतं. निर्माते शेठ काचेला नाक लावून उभे होते. संगीतकार अण्णा खुर्चीत बसले होते ते बसलेच होते. हे गाणं त्यांच्या बायकोनं गायलं होतं. सगळा स्टुडिओ त्या बाईंना वहिनी म्हणायचा. आजारपणातून उठून त्या एकदाच माइकसमोर उभ्या राहिल्या, नुसत्या आवाजात, एकही वाद्य न घेता, साडेचार मिनिटं गायल्या आणि त्यानंतर दोन महिन्यांनी गेल्या. त्या गाण्याची दुसरी प्रत नव्हती. गाण्याचा शेवटचा सूर जिथे विरतो तिथूनच व्हायोलिनं उचलायची होती. आता उचलणार कुठून?

"पुसलीय कुणीतरी," शेठ म्हणाले. "आणि कुणी पुसली ते मला ठाऊक आहे."

सगळ्यांनी अरेंजरकडे पाहिलं. अण्णांच्या चालींवर वाद्यमेळ बसवण्यात बिचाऱ्याची बावीस वर्षं गेली होती. या गाण्यासाठी त्यानं जीव ओतून व्हायोलिनं लिहिली, आणि अण्णांनी गाण्याखालची ती सगळी काढून टाकली, फक्त शेवटानंतरची ठेवली. पंधरा दिवसांपूर्वी याच बारा जणांसमोर तो ओरडला होता, "ही टेप पुसून टाका एकदाची, म्हणजे सुटू सगळे!" टेपा ठेवायच्या कपाटाच्या तीन किल्ल्या होत्या: एक अण्णांकडे, एक अरेंजरकडे, एक रेकॉर्डिस्टकडे.

अरेंजर सरळ मागच्या खोलीत गेला आणि पाऊलबाईंसमोर उभा राहिला.

पाऊलबाई म्हणजे चित्रपटातल्या पावलांचे आवाज काढणारी बाई. पडद्यावर नायिका जिना उतरते तेव्हा ऐकू येतात ती पावलं यांची; खलनायक वाळूवरून चालतो तीही यांचीच. साठीला टेकलेल्या, अंगानं जाड आणि जिभेनं तिखट. त्यांच्या खोलीत चाळीस जोड जुने जोडे, खडीची पेटी, पाण्याचे आवाज काढायला एक हौद आणि एक लहानसं टेप मशीन होतं. मागच्या वर्षी शेठच्या टेबलातलं घड्याळ कुणी उचललं ते यांनी नुसत्या जिन्यावरच्या पावलांवरून ओळखलं होतं. तेव्हापासून स्टुडिओत कुणाचं काही हरवलं की लोक आधी यांच्याकडे येत.

"मी पुसलेली नाही, बाई," अरेंजर म्हणाला. "पण शेठ चार वाजेपर्यंतच थांबणार आहेत. मग पोलीस. पोलिसांचं एक वेळ सोडा, उद्यापासून मला कुठल्याच स्टुडिओत पाय ठेवता येणार नाही."

"ओरडला होतास ना?"

"ओरडलो होतो."

"मग भोग आता थोडा वेळ," पाऊलबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या. "आधी ती रिकामी टेप ऐकू दे मला."

२

मोठ्या मशीनवर टेप चढवून द्यायला दादा होते. दादा म्हणजे स्टुडिओचे रेकॉर्डिस्ट आणि पाऊलबाईंचे सख्खे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा या भावानंच त्यांना वाढवलं, याच धंद्यात आणलं, कान कसा लावायचा ते शिकवलं. पस्तीस वर्षं त्यांच्या हाताखालून गाणी जात होती. लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि या नावाचा पाऊलबाईंना त्यांच्यापेक्षा जास्त अभिमान होता.

"कपाटातून काढली तेव्हा टेप कशी गुंडाळलेली होती रे?" त्यांनी विचारलं.

दादांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

"टेप. कशी गुंडाळलेली होती?"

"सुरुवात वरच होती. तशीच लावली मशीनवर."

पाऊलबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. रेकॉर्डिंगवाले टेप ऐकून झाली की उलटी गुंडाळत नाहीत. तिचं शेपूट बाहेर ठेवूनच ती डब्यात घालतात, कारण अशी टेप सैल पडत नाही. पुन्हा ऐकायच्या वेळी गुंडाळायची. ही सवय त्यांच्या हाडात भिनलेली असते. सुरुवात वर ठेवतात ते बाहेरचे लोक, गायक नाहीतर संगीतकार, ज्यांना फक्त ऐकायची घाई असते.

"लाव," त्या म्हणाल्या आणि हेडफोन चढवला. दादांनी दुसरा हेडफोन घातला आणि नजर मशीनच्या काट्यावर ठेवली. आवाज आला की तो काटा उडतो, नसला की पडून राहतो.

अर्ध्या मिनिटानं दादांनी हात झटकले. "बघ. रिकामीच आहे. उगाच वेळ घालवू नकोस."

पाऊलबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. टेप रिकामी नव्हती. कोऱ्या टेपमध्ये नुसती सळसळ असते. हिच्यात एक खोली होती. हवा होती, लाकडी जमिनीचा किंचित ताण होता. कुणीतरी माइक उघडा ठेवून खोलीची शांतता रेकॉर्ड केली होती. मग एक बारीक आवाज आला.

टप्.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ सेकंद. पुन्हा टप्. आणखी नऊ सेकंद. टप्.

हा आवाज पाऊलबाई रोज ऐकत होत्या. हौदाचा नळ गळतो म्हणून त्या सगळ्यांच्या मागे लागून दमल्या होत्या, आणि नळ काही दुरुस्त झाला नव्हता.

वहिनींचं गाणं पाऊलबाईंच्या स्वतःच्या खोलीत पुसलं गेलं होतं.

३

"मंगळवारी," त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. सोमवारी दिग्दर्शकांनी हे गाणं ऐकलं होतं, तेव्हा ते शाबूत होतं. बुधवारी आणि गुरुवारी त्या जेवायलाही बाहेर न पडता दिवसभर खोलीतच होत्या. मंगळवारी मात्र दाढ काढायला गेल्या होत्या आणि खोली उघडी होती.

आधी त्यांनी वहिनींच्या शिष्येला गाठलं. वहिनींची टेप गेली तर ते गाणं आता हिलाच मिळणार होतं, आणि हे सगळ्यांच्या आधी तिला स्वतःलाच कळलं होतं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मंगळवारी मी इथे आलेच नाही, मावशी. आले असते तरी त्या टेपला हात लावला नसता. मला ते गाणं नकोय. त्यांनी ते कसं गायलं ते मी पाहिलंय ना."

"तू होतीस तेव्हा?"

"पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी होते. सुरुवातीला नुसतंच गुणगुणणं आहे, अगदी हलकं, वरच्या पट्टीत. जेमतेम श्वास पुरत होता त्यांना. आणि तुमचे दादा काचेमागून सारखे म्हणत होते, मोठ्यानं गा, काटा हलत नाहीये. तीनदा म्हणाले. शेवटी वहिनींनाही राग आला. म्हणाल्या, कानसेनांना म्हणावं, काटा बघू नका, ऐका."

पाऊलबाईंना भावाचा थोडा राग आला. आजारी बाईला तीनदा थांबवायचं म्हणजे काय? पण दादा कामात कडकच होते, त्यात नवीन काही नव्हतं.

मग अण्णांची पाळी. अण्णा गॅलरीत एकटेच उभे होते.

"अण्णा, स्पष्ट विचारते. टेप कपाटातून तुम्ही काढत होतात ना?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"टेप सुरुवात वर ठेवून गुंडाळलेली होती. दादा तशी ठेवणार नाही. अरेंजरही नाही, तो बावीस वर्षं या मशीनांतच वावरतोय. उरलात तुम्ही."

अण्णा एकदम बांध फुटावा तसे बोलू लागले. शेठनी सांगितलं होतं की टेप वाजवू नका, वाजवली की झिजते. पण त्यांना राहवेना. रोज दुपारी, सगळे जेवायला गेले की, ते रीळ खिशात घालून पाऊलबाईंच्या खोलीत जायचे आणि लहान मशीनवर हेडफोन लावून ऐकायचे. डबा कपाटात तसाच असायचा, रिकामा. "घरी तिचा एक फोटो आहे," ते म्हणाले. "फोटो काही बोलत नाही हो. हे एवढंच बोलत होतं."

"आणि मंगळवारी?"

"टेप लावली, माइकची तार काढून हेडफोन घातला, तेवढ्यात घरून फोन आला. मुलीला ताप होता. तसाच धावलो. टेप मशीनवरच राहिली. दोन तासांनी आलो तर ती संपलेली होती. मला वाटलं आपणच चालू ठेवून गेलो. सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि डब्यात टाकली. ऐकायचा धीर नव्हता त्या दिवशी. पुढचे दोन दिवस तुम्ही खोलीतून हलला नाहीत." ते थांबले. "मी ती तिथे विसरलो म्हणूनच गेली ना?"

पाऊलबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. "तुम्ही विसरलात, अण्णा. पण पुसली दुसऱ्या कुणीतरी."

४

तीन वाजले होते. पाऊलबाई आपल्या खोलीत जोड्यांच्या गराड्यात बसल्या आणि डोळे मिटून विचार करू लागल्या.

ज्याला गाणं नष्ट करायचंय तो काय करेल? माइक बंद ठेवून टेप फिरवेल आणि बाहेर जाऊन चहा पिईल. हा माणूस तसा नव्हता. यानं माइक पुन्हा जोडला, दार लावलं, पंखा बंद केला आणि पाच मिनिटं पुतळ्यासारखा उभा राहिला. ना जोड्याची कुरकुर, ना गुडघ्याचा आवाज. अरेंजरला तर एक मिनिट बोटं न वाजवता बसता येत नाही. म्हणजे यानं काही पुसलं नव्हतंच. यानं शांतता रेकॉर्ड केली होती, कामासाठी, नीट, शिकल्यासारखी.

आणि शांतता कुणाला हवी होती ते सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं. चित्रपटाच्या शेवटच्या रिळात रिकामं घर दिसतं. दिग्दर्शक महिनाभर डोकं खात होते, "मला शांतता हवी, पण मेलेली नको, पाच मिनिटं हवी." बुधवारी ते खूश होऊन सांगत फिरत होते की शांतता मिळाली, तिच्यात थेंबसुद्धा पडतोय.

ती त्यांना दिली होती दादांनी.

पण दादा कधीही न ऐकता टेपवर काही रेकॉर्ड करणार नाहीत. मशीनवर अनोळखी टेप दिसली की आधी हेडफोन लावायचा, सुरुवात ऐकायची, काही असलं तर ती बाजूला ठेवायची. हे त्यांनीच बहिणीला शिकवलं होतं. त्यांनी ऐकलं असणारच. टेपच्या सुरुवातीलाच वहिनी गुणगुणत होत्या, हलक्या, वरच्या पट्टीत.

त्यांनी ऐकलं, आणि त्यांना काही ऐकू आलं नाही.

मग काटा? ऐकू नाही आलं तरी काटा उडताना दिसला असता. पाऊलबाईंनी समोरच्या लहान मशीनकडे पाहिलं. त्याचा काटा महिन्याभरापूर्वीच मेला होता. त्यांनी दादांना दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा दादा पाठमोरे वाकून काहीतरी जोडत होते. दोन्ही वेळा म्हणाले, "हो हो, बघतो." त्यांना वाटलं होतं, चालढकल करतोय.

पाऊलबाईंनी सांगितलेलं दादांना ऐकूच गेलं नव्हतं. "मोठ्यानं गा, काटा हलत नाहीये." प्रत्येक प्रश्नाला आधी मान वर, आधी तोंडाकडे नजर. पावलावरून चोर ओळखणाऱ्या बाईला आपल्या भावाचे कान गेलेले कळले नव्हते. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तरी एक आशा होती. त्यांनी जोड्यांच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा घेतला, तुरुंगाच्या प्रसंगात वापरायचा, आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत गेल्या. दादा दाराकडे पाठ करून केबल गुंडाळत होते. पाऊलबाईंनी दारातून जुडगा वाजवला. दादा केबल गुंडाळत राहिले. त्या चार पावलं पुढे गेल्या आणि पुन्हा वाजवला. मग अगदी खांद्याशी, हात दुखेपर्यंत वाजवला.

सावली पडली तेव्हा दादा वळले. "अगं, कधी आलीस?"

५

त्या त्यांच्यासमोर बसल्या, ओठ दिसतील अशा. "किती दिवस झाले, दादा?"

दादांनी जुडग्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. लपवायला काही उरलं नव्हतं. "दोन वर्षं. आधी बारीक आवाज गेले. आता माणसांचेही जातात. काटा बघून भागवतो. आतापर्यंत कुणाला कळलं नाही."

"मलासुद्धा नाही."

"तुला कळू नये म्हणून तर जास्त जपलं."

"मंगळवारी माझ्या खोलीतल्या मशीनवर एक टेप होती."

"होती ना. कुणीतरी जुनी टेप लावून ठेवली होती. मी ऐकली आधी. अर्धं मिनिट ऐकली. काही नव्हतं गं त्यात. काटासुद्धा हलला नाही. मग शांतता घेतली, तिथूनच तार जोडून शेवटच्या रिळावर उतरवली." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "कोरीच होती ना ती?"

पाऊलबाईंनी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला.

"सांग की. कोरी होती ना?"

"त्या मशीनचा काटा महिन्यापूर्वीच बंद पडलाय, दादा. मी तुला सांगितलं होतं."

दादा आपल्या हातांकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी व्हायोलिन पेटीत ठेवून पेटी मिटली. तो आवाज फक्त पाऊलबाईंनी ऐकला.

"त्या उभ्या होत्या इथे, या काचेपलीकडे," दादा म्हणाले. "धड उभंही राहवत नव्हतं. आणि मी त्यांना तीनदा म्हणालो, मोठ्यानं गा." त्यांनी डोळे पुसले. "चार वाजायला किती आहेत?"

"दहा मिनिटं." मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अरेंजरचं नाव न येता काहीतरी सांगता येईल. मशीन बिघडलं होतं म्हणू. खोटंही नाही ते."

"मशीन बिघडलं होतं," दादांनी मान हलवली, "पण मशीनवर गाणी सोपवत नाहीत. माणसावर सोपवतात. तू काही बोलू नकोस, तुझ्या तोंडून मला ऐकवणार नाही."

शेठच्या खोलीत ते स्वतः बोलले, उभं राहून, सगळ्यांसमोर. शेठनी शिव्या दिल्या, मग थकून बसले. पुढच्या महिन्यापासून दादांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल, असं तिथल्या तिथे ठरलं.

अरेंजर सुटला, पण तो थांबला नाही. व्हायोलिनची पेटी घेऊन जाताना पाऊलबाईंना म्हणाला, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण बावीस वर्षांत जोडलेल्या बारा माणसांपैकी एकही आज माझ्या बाजूनं बोलला नाही. आता यांच्यासाठी कुठले सूर लिहू मी?" तो त्या स्टुडिओत पुन्हा आला नाही.

६

शेवटच्या रिळाची शांतता बदलायची की ठेवायची यावर दिग्दर्शक आठवडाभर तळमळले. ती कशावर रेकॉर्ड झाली हे कळल्यावर त्यांना ती ऐकवेना. निर्णय अण्णांनी दिला. "राहू दे," ते म्हणाले. "तिच्या जागेवर आता तेवढंच आहे." शिष्येनं गायला नकार दिला. गाण्याविनाच चित्रपट पुरा झाला.

त्याआधी अण्णांनी पाऊलबाईंना एकच काम सांगितलं होतं. लहान मशीन जुनं होतं, कदाचित नीट पुसलं गेलं नसेल, खाली कुठे बायकोचा आवाज राहिला असेल. पाऊलबाई तीन दिवस दार लावून ती टेप ऐकत बसल्या. थेंब ऐकला, लाकूड ऐकलं, आणि फार कान दिल्यावर दादांचा श्वास ऐकला, आवाज होऊ नये म्हणून जपून सोडलेला. बाकी काही नव्हतं. त्यांनी तसं अण्णांना सांगितलं. अण्णा "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

चित्रपट लागला तेव्हा दुपारच्या खेळाला दोघं बहीणभाऊ मागच्या रांगेत बसले. दादांना अंधारात ओठ दिसत नव्हते, म्हणून पाऊलबाईंनी त्यांचा हात हातात घेतला होता आणि काय चाललंय ते बोटानं दाबून सांगत होत्या. पावलं आली की दोन बोटं, संवाद आला की मूठ.

शेवटचं रीळ लागलं. रिकामं घर दिसलं. सगळं थिएटर स्तब्ध झालं. पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं त्या शांततेचं कौतुक करून दादांचं नाव छापणार होती. दादा ते वाचणार नव्हते.

"सुरू झाली?" दादांनी विचारलं, अंदाज चुकून जरा मोठ्यानंच.

पाऊलबाईंनी त्यांच्या तळहातावर एकदा टिचकी मारली. थेंब. नऊ सेकंदांनी पुन्हा एकदा.

दादा पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला. "आणि वहिनी? कुठे थोड्या तरी ऐकू येतात का?"

पाऊलबाईंनी कान लावला. आता भावासाठी एकदा तरी खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. त्यासाठी तोंडही उघडावं लागलं नसतं, एक बोट हलवलं की झालं असतं. दादा हात पसरून वाट बघत होते.

थेंब पडला. त्यांनी टिचकी मारली. मग पुढच्या थेंबापर्यंत त्यांचं बोट भावाच्या तळहातावर तसंच राहिलं, न हलता.

दादांनी मान हलवली आणि हात मिटून घेतला.